पातळ रक्ताची मूस : ‘व्हॅम्पायर’च्या टेबलावर अल्केमी कशी खेळायची

‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एका व्हॅम्पायरची भूमिका घेऊन फाशांनी खेळायचा कथाखेळ. तो खेळायला बसलेला नवा खेळाडू ‘थिन-ब्लड अल्केमी’च्या, म्हणजे पातळ रक्ताच्या व्हॅम्पायरांच्या किमयेच्या पानावर आला की सरळ फॉर्म्युल्यांच्या, म्हणजे शक्ती देणाऱ्या रसायनांच्या कृतींच्या यादीकडे वळतो. हवेत तरंगता येतं का, धुकं पसरवता येतं का, वस्तू लांबून ओढता येतात का, हे बघतो आणि आवडलेला फॉर्म्युला शीटवर, म्हणजे आपल्या पात्राच्या माहितीच्या कागदावर, उतरवतो. मी सुचवतो तो क्रम याच्या उलटा आहे. आधी ठरवायचं की रसायन शिजणार कशात. तुमच्या स्वतःच्या शरीरात, दुसऱ्या माणसाच्या शरीरात, की काचेच्या भांड्यात? या एका उत्तरावरून पात्राचा स्वभाव ठरतो, राहण्याची जागा ठरते, शत्रू ठरतात आणि फासे किती टाकायचे तेही ठरतं. फॉर्म्युला त्यानंतर दहा मिनिटांत निवडून होतो.

हा लेख पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर आहे. खेळ १९९१ सालचा, पाचवी आवृत्ती २०१८ची. मी उदाहरणं इंदूरची घेतली आहेत, कारण रात्री जागणाऱ्या पात्रांना या शहरात खरोखर जायला जागा आहेत. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि ती बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, दहीवडा, थंडीत गराडू, असा सराफा दुसरीकडे कुठे मिळायचा? मध्यरात्रीनंतरही माणसांनी भरलेली गल्ली, आणि तिच्या वरच्या मजल्यांवर भट्ट्या, मुशी, तेजाबाच्या बाटल्या. अल्केमिस्टला आणखी काय हवं!

थिन-ब्लड कोण

या खेळात व्हॅम्पायरची ‘पिढी’ मोजतात. पहिल्या व्हॅम्पायरपासून जितकं दूर जाल तितकं रक्त पातळ. चौदाव्या, पंधराव्या आणि सोळाव्या पिढीतले ते थिन-ब्लड. त्यांची ब्लड पोटन्सी (रक्ताच्या ताकदीचा आकडा) शून्य असते, त्यांना कुळ नसतं, आणि मोठी कुळं त्यांना पंगतीला बसवत नाहीत. ऊन त्यांना इतरांइतकं जाळत नाही. त्या बदल्यात चाकू-सुऱ्याचा घाव त्यांना माणसासारखाच लागतो.

पात्र तयार करताना थिन-ब्लडसाठी खास गुण आणि दोष असतात. एक ते तीन गुण घ्यायचे आणि जितके गुण तितकेच दोष. ‘थिन-ब्लड अल्केमिस्ट’ हा त्यांतला एक गुण. तो घेतला की अल्केमीचा एक डॉट (पातळी दाखवणारा ठिपका) आणि एक फॉर्म्युला मिळतो. ही विद्या फक्त थिन-ब्लडची. तीनशे वर्षांचा, महालात राहणारा व्हॅम्पायर कितीही ताकदवान असला तरी त्याला ती शिकता येत नाही. ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्या हातात अशी गोष्ट आहे जी सगळ्यांना हवी आहे. या भागाची सगळी गंमत मला यातच वाटते.

सोबत कोणते गुण-दोष घ्यावेत? ‘डे ड्रिंकर’ घेतलात तर पात्र दिवसा बाहेर पडू शकतं. उन्हात त्याच्या शक्ती चालत नाहीत आणि तब्येतीचा आकडा निम्म्यावर येतो, पण सियागंजातली ठोक दुकानं उघडी असताना सामान तरी आणता येतं. हा गुण नसेल तर सामान कोण आणणार, हे पहिल्याच सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, ठरवा. भाऊ, जुना मित्र, उसने पैसे फेडणारा शेजारी, कोणीही चालेल. अशी माणसं कथेला फार उपयोगी पडतात, कारण ती कधी ना कधी प्रश्न विचारतातच. दोषांमध्ये ‘बेबी टीथ’ अल्केमिस्टला शोभतो. सुळे नाहीत म्हणजे रक्त सुईने किंवा पात्याने काढावं लागतं, आणि जो सुईने रक्त काढतो त्याच्याकडे ते बाटलीत ठेवायची सोयही असते. ‘शन्ड बाय द अनार्क्स’ (बंडखोर व्हॅम्पायरांच्या गटाने वाळीत टाकलेलं असणं) मात्र नव्या खेळाडूने घेऊ नये असं माझं मत आहे. अल्केमिस्टचं पोट औषध विकून भरतं. गिऱ्हाइकांची अर्धी दारं पहिल्याच दिवशी बंद झाली की खेळायला उरतं कमी.

फासे, जेवढे लागतील तेवढे

दहा बाजूंचे फासे. शीटवरचे दोन आकडे मिळवायचे आणि तितके फासे टाकायचे. ६ किंवा वर आलं की एक यश. दोन १० आले की त्या जोडीची मिळून चार यशं. स्टोरीटेलर, म्हणजे कथा चालवणारा खेळाडू, डिफिकल्टी (काम किती अवघड तो आकडा) सांगतो, तितकी यशं मिळाली की काम झालं.

त्यात भूक मिसळते. तुमचा हंगर, म्हणजे भुकेचा आकडा, २ असेल तर टाकायच्या फाशांतले दोन वेगळ्या रंगाचे घ्यायचे, हे हंगर डाइस. काम फसलं आणि हंगर डाइसवर १ असेल तर बेस्टियल फेल्युअर, म्हणजे आतलं जनावर पुढे येतं. दोन दहांची जोडी जमली आणि त्यातला एक १० हंगर डाइसवर असेल तर मेसी क्रिटिकल. काम होतं, पण रक्ताळलेल्या, उघडकीला आणणाऱ्या पद्धतीने. विलपॉवरचा, म्हणजे मनोबळाचा, एक पॉइंट खर्चून तीनपर्यंत साधे फासे पुन्हा टाकता येतात. हंगर डाइस मात्र उचलता येत नाहीत.

रक्त खर्च करायची वेळ आली की ‘राउज चेक’. एक फासा टाकायचा. ६ किंवा वर आलं तर सुटलात, नाहीतर हंगर एकाने वाढतो. बहुतेक फॉर्म्युले वापरताना हा चेक द्यावा लागतो.

मूस कोणाची?

सोनार सोनं वितळवतो त्या भांड्याला मूस म्हणतात. जुन्या रसशास्त्राच्या ग्रंथांतही तिला मूषाच म्हटलं आहे. ‘व्हॅम्पायर’मध्ये रसायन शिजवायच्या तीन रीती आहेत आणि तिन्हींत मूस वेगळी.

पहिली अथॅनॉर कॉर्पोरिस. युरोपातले अल्केमिस्ट मंद, सतत जळणारी भट्टी वापरत, ती अथॅनॉर. इथे भट्टी म्हणजे तुमचंच शरीर. सगळे घटक तुम्ही गिळता आणि ते आतल्या आत शिजतात. फासे : स्टॅमिना अधिक अल्केमी. सामान लागत नाही, जागा लागत नाही, पोलिसांना सापडेल असं काही मागे राहत नाही. पण तयार झालेलं तुमच्यातच आहे, ते दुसऱ्याला बाटलीतून देता येत नाही. आज इथे, उद्या देवासला, परवा उज्जैनला असं भटकं, एकटं, स्वतःवर प्रयोग करणारं पात्र हवं असेल तर ही रीत घ्या. स्टॅमिना वाढवल्याचा दुसरा फायदाही आहे. तब्येतीचा आकडा स्टॅमिना अधिक तीन असतो, म्हणजे एकाच खर्चात दोन कामं होतात.

दुसरी कॅल्सिनॅशिओ. इथे मूस म्हणजे जिवंत माणूस. घटक त्याच्या शरीरात घालायचे, त्याच्या रक्तात ते मुरू द्यायचे आणि मग ते रक्त प्यायचं. फासे : मॅनिप्युलेशन अधिक अल्केमी. हा आकडा मॅनिप्युलेशनचा आहे, विज्ञानाचा नाही, याकडे लक्ष द्या. नियम सांगतो आहे की ही रीत मुळात माणसाला वळवायची, भुलवायची, गप्प ठेवायची आहे. सुई टोचणं त्यातला सोपा भाग.

या रीतीबद्दल टेबलावर आधी बोलायलाच हवं. पहिल्या सेशनच्या आधी जे बसणं होतं त्याला सेशन झिरो म्हणतात, आणि हा विषय तिथलाच. फसवून औषध टोचणं, शरीरावरचा ताबा जाणं, व्यसन, या गोष्टी एखाद्या खेळाडूच्या घरात खरोखर घडलेल्या असू शकतात. प्रत्येकाला विचारा : काय अजिबात नको, काय घडलं तरी पडद्याआड राहू दे. कोणी ‘नको’ म्हणालं तर कारण विचारू नका. खेळ आजोळच्या घरी, मधल्या खोलीत चालणार असेल आणि लहान भाचे-पुतणे आत-बाहेर करणार असतील, तर ही रीत तिथे काढूच नका. स्वतःहून तयार झालेला माणूस मूस म्हणून घेतला तर कॅल्सिनॅशिओ फार खोल खेळता येते. तो का तयार झाला? त्याला बदल्यात काय मिळतं? तो थकत चालला आहे हे पात्राला दिसतं का? या तीन प्रश्नांवर दोन-तीन सेशन सहज जातात.

तिसरी फिक्सॅशिओ. काचेची भांडी, शेगडी, नळ्या, थर्मामीटर, म्हणजे खरी प्रयोगशाळा. फासे : इंटेलिजन्स अधिक अल्केमी. तयार द्रव्य बाटलीत भरून ठेवता येतं. नव्या खेळाडूला मी ही रीत सुचवतो, कारण तिच्यात करण्यासारखं खूप आहे आणि हरवण्यासारखंही. प्रयोगशाळा म्हणजे पत्ता. पत्ता असला की कोणी तरी शोधत येणार, घरमालक भाडं मागणार, शेजारी वासाची तक्रार करणार.

इंदुरात ती कुठे ठेवाल? सराफ्यातल्या घडणावळीच्या खोलीत सगळं आयतं असतं : मूस, फुंकणी, सांडशी, ऐरण. चांदी-तांबं विरघळवून सोनं वेगळं करायला नायट्रिक आम्ल, ज्याला बाजारात तेजाब म्हणतात. वितळणाऱ्या धातूवर टाकायला टाकणखार. रात्री भट्टी पेटलेली दिसली तरी कोणाला नवल वाटत नाही, गिऱ्हाइकाचं काम राहिलं असेल असंच वाटतं. दुसरी जागा म्हणजे बंद पडलेल्या गिरणीतली शेड. हुकुमचंद मिल १९९१च्या शेवटी बंद पडली. तशी एखादी काल्पनिक गिरणी घ्या, जिथे यंत्रं गेली आहेत आणि चिमणी तेवढी उभी आहे. तिथे एकांत भरपूर, पण वीज आणि पाणी चोरून आणावं लागेल. सराफ्यात वीज-पाणी आहे, एकांत नाही. हा पेच खेळाडूलाच सोडवू द्या.

रीत ठरली की शीटवर परत या. स्टॅमिना, मॅनिप्युलेशन, इंटेलिजन्स अशा मूळ क्षमता म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट्स. सुरुवातीला नऊ अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एक ४, तीन ३, चार २ आणि एक १ असे आकडे वाटायचे असतात. तुमच्या रीतीच्या अ‍ॅट्रिब्यूटला ३ किंवा ४ द्या. का, ते खाली आकड्यांत सांगतो.

चार रस आणि ते कुठे मिळतात

फॉर्म्युल्यात साधारण तीन गोष्टी असतात : अल्केमिस्टचं स्वतःचं रक्त, विशिष्ट भावनेने भारलेलं माणसाचं रक्त आणि बाहेरचे काही पदार्थ. मधली गोष्ट सगळ्यांत अवघड, कारण ती दुकानात मिळत नाही.

रक्तातल्या भावनेला खेळात रेझोनन्स म्हणतात, मी त्यालाच रस म्हणतो. मुख्य चार : सँग्विन म्हणजे उल्हासाचं, वासनेचं, उत्साहाचं रक्त. कोलेरिक म्हणजे संतापाचं, ईर्ष्येचं. मेलँकॉलिक म्हणजे दुःखाचं, भीतीचं, खचलेपणाचं. फ्लेग्मॅटिक म्हणजे शांत, सुस्त, अलिप्त. ही विभागणी दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन याच्या चार द्रवांच्या सिद्धांतावरून घेतली आहे. तोच सिद्धांत युनानी वैद्यकातून आपल्याकडे आला. हकीम ज्यांना दम, सफरा, सौदा आणि बलगम म्हणतात ते अनुक्रमे हेच चार. म्हणून इंदूरच्या गोष्टीत रेझोनन्स ओळखायला शिकवणारा एखादा म्हातारा हकीम आणला तर तो अगदी जागच्या जागी बसतो. वात-पित्त-कफ मात्र इथे आणू नका. ते तीन आहेत, त्यांचा विचार वेगळा आहे, आणि चाराच्या खणांत तीन कोंबले की नियमही अडखळतात आणि आयुर्वेदही.

शिकार झाली की रेझोनन्स स्टोरीटेलर स्वतः ठरवू शकतो किंवा फाशावर सोडू शकतो. फाशावर सोडलं तर १ ते ३ फ्लेग्मॅटिक, ४ ते ६ मेलँकॉलिक, ७-८ कोलेरिक, ९-१० सँग्विन. रस किती तीव्र आहे त्यासाठी वेगळा फासा. त्यावर १ ते ५ आलं तर रक्तात ठळक असं काहीच नाही. म्हणजे डोळे मिटून शिकार केली तर निम्म्या रात्री अल्केमीच्या दृष्टीने फुकट जातात.

म्हणून अल्केमिस्टने डोळे मिटून शिकार करू नये. इतर व्हॅम्पायर पोट भरायला बाहेर पडतात, हा यादी घेऊन बाहेर पडतो. खेळाडूने स्टोरीटेलरला “मी शिकार करतो” असं सांगून थांबायचं नाही. “मला कोलेरिक हवं आहे, म्हणून मी अमुक ठिकाणी जातो” असं म्हणायचं. चांगला स्टोरीटेलर मग फासा बाजूला ठेवतो आणि प्रसंग सुरू करतो.

इंदुरात प्रत्येक रसाला जागा आहे. उल्हास हवा तर रात्री अकराचा सराफा. “भिया, एक जलेबा और लगाना!” म्हणणारी पोरं, पगार झालेली जोडपी, बाहेरगावचे पाहुणे. संताप हवा तर परदेशीपुऱ्याकडच्या एखाद्या गल्लीत क्रिकेटची पैज हरलेला माणूस शोधा. दुःख हवं तर महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर चहाच्या टपरीवर रात्र काढणारे नातेवाईक. हा प्रसंग हळू खेळा. दुःखी माणसाचं रक्त घेणं म्हणजे काय, हे पात्राला जाणवू द्या. शांत रस हवा तर कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी कान्ह नदीच्या काठी पेंगणारा रात्रपाळीचा राखणदार.

आणि वर्षातून काही रात्री अशा येतात की सगळे रस रस्त्यावर असतात. अनंत चतुर्दशीला इथे गिरणी कामगारांनी सुरू केलेल्या झाक्या, म्हणजे सजवलेले देखावे, रात्रभर निघतात. दिवे, ढोल, आखाडे, हजारो माणसं, आणि उजाडेपर्यंत घरी जायची कोणाला घाई नाही. तुमच्या क्रॉनिकलमधला (अनेक सेशन चालणाऱ्या कथेतला) मोठा प्रसंग त्या रात्री ठेवा. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूकही तितकीच मोठी, पण ती दिवसाची. डे ड्रिंकर तेवढा तिथे पोचू शकतो, बाकीचे खिडकीच्या फटीतून बघणार.

पहिला फॉर्म्युला

पहिल्या पातळीवर नव्या खेळाडूसमोर मुख्यतः दोन पर्याय. ‘फार रीच’ने वस्तू हात न लावता ओढता, ढकलता येतात, त्याला कोलेरिक रक्त लागतं. ‘हेझ’ने अंगाभोवती धुक्याचा पडदा उभा राहतो आणि तो सोबत चालतो, त्याला फ्लेग्मॅटिक. रेझोनन्सचे वरचे आकडे पाहिलेत तर फाशावर फ्लेग्मॅटिक तीन दशांश वेळा लागतं, कोलेरिक दोन दशांश. एवढ्यासाठीच मी हेझ सांगतो. शिवाय गल्लीबोळांच्या शहरात पळून जाता येणं हे वस्तू ढकलण्यापेक्षा जास्त वेळा कामी येतं.

बाहेरचे पदार्थ शहरातून उचला. धुक्यासाठी ड्राय आइस? लग्नाच्या हॉलमध्ये वधूवर स्टेजवर येताना जो धूर सोडतात तो त्याचाच. म्हणजे कॅटरिंगवाला किंवा डेकोरेशनवाला ओळखीचा हवा. ओढण्या-ढकलण्याला चुंबक हवं तर भंगारातल्या स्पीकरमधून काढा. पुस्तकातलं नाव बदलून स्थानिक पदार्थ घ्यायला स्टोरीटेलरने खुशाल परवानगी द्यावी, फक्त एका अटीवर : तो पदार्थ मिळवायला कोणाशी तरी बोलावं लागलं पाहिजे.

देशी रंग आणखी गडद हवा असेल तर रसशास्त्राकडे बघा. पारा आणि गंधक एकत्र खलून होणारी काळी कज्जली. हिंगुळातून (पाऱ्याच्या लाल खनिजातून) पारा उडवून वर धरणारं डमरूयंत्र, म्हणजे तोंडाला तोंड लावून सांधलेली दोन मडकी. वाळूच्या मंद आचेचं वालुकायंत्र. पाऱ्याचे अठरा संस्कार. ही नावं नुसती उच्चारली तरी टेबलावरची हवा बदलते. पण हे सगळं बोलण्यात आणि चित्रांत राहू द्या. खरा पारा, खरं तेजाब, खरा ड्राय आइस शोभेसाठी टेबलावर आणू नका. पाऱ्याची वाफ दिसत नाही आणि बंद खोलीत ती कोणालाच सोडत नाही.

वरच्या पातळ्यांवर ‘एन्व्हलप’ समोरच्या एकट्याच्या तोंडाभोवती धुकं आवळतं, ‘डिफ्रॅक्शनेट’ने साठवलेलं रक्त पिण्याजोगं होतं, ‘एअरबोर्न मोमेंटम’ उडायला देतं आणि पाचव्या पातळीचं ‘अवेकन द स्लीपर’ निद्रेत गेलेल्या व्हॅम्पायरला उठवतं. दुसऱ्या पातळीपासून पुढे इतर व्हॅम्पायरांच्या शक्तींची नक्कलही करता येते, पण एक पायरी खालची : तिसऱ्या पातळीचा फॉर्म्युला दुसऱ्या पातळीच्या शक्तीची नक्कल देतो.

एक घाणा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आपलं पात्र : रामबागेत वाढलेला, सराफ्यात घडणावळ करणारा कारागीर. इंटेलिजन्स ३, अल्केमी १, रीत फिक्सॅशिओ, फॉर्म्युला हेझ. हंगर २.

राखणदाराचं रक्त बाटलीत आलं आहे, ड्राय आइस थर्मोकोलच्या डब्यात आहे. शिजवण्याची डिफिकल्टी फॉर्म्युल्याची पातळी अधिक एक, म्हणजे इथे २. फासे ३ अधिक १, चार. त्यातले दोन हंगर डाइस.

चार फाशांवर दोन यशं यायची शक्यता सुमारे ६९ टक्के. इंटेलिजन्स २ असता तर तीन फाशांवर ५० टक्के, ४ असता तर पाच फाशांवर ८१ टक्के. अ‍ॅट्रिब्यूटचा आग्रह मी का धरला ते इथे दिसतं. दुसऱ्या पातळीच्या फॉर्म्युल्याला डिफिकल्टी ३ होते आणि तेच चार फासे ३३ टक्क्यांवर घसरतात. सहा फासे हाताशी असतील तर ६७.

समजा साध्या फाशांवर ७ आणि ३ आले, हंगर डाइसवर ८ आणि १. दोन यशं, काम झालं. तो १ दिसतो आहे, पण काम यशस्वी झालं असल्याने त्याला अर्थ नाही. नवे खेळाडू इथे हमखास घाबरतात. आता साध्यांवर ४ आणि ३, हंगरवर ८ आणि १. एकच यश, काम फसलं, आणि हंगर डाइसवर १ असल्याने बेस्टियल फेल्युअर. विलपॉवर आहे? मग ते ४ आणि ३ पुन्हा टाका. त्यांतल्या एकावर जरी ६ किंवा वर आलं तरी काम सुटलं. तिसरी शक्यता : साध्यांवर १० आणि ३, हंगरवर १० आणि ६. जोडीची चार आणि सहाचं एक, पाच यशं. उत्तम धुकं तयार झालं, पण मेसी क्रिटिकल. भट्टीतून निघालेला धूर जिन्यावरून खाली, खाणाऱ्यांच्या गर्दीत उतरतो आहे. आता काय करतोस, हा प्रश्न स्टोरीटेलरने लगेच विचारायचा.

फासे टाकायचेच, असंही नाही. फाशांची संख्या डिफिकल्टीच्या दुप्पट असेल आणि प्रसंगात ताण नसेल तर स्टोरीटेलर थेट यश देऊ शकतो. चार फासे, डिफिकल्टी २, दार बंद, वेळ भरपूर : देऊन टाका. दारावर थाप पडत असताना मात्र फासे हवेतच.

उरलेला गाळ

नियमांत यावर फार काही नाही, पण इंदुरात याला टाळून चालणार नाही. स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर २०१७पासून सलग कितीतरी वर्षं पहिलं आलं आहे. सकाळी गाडी दारात येते, ओला-सुका कचरा वेगळा घेते, उघड्यावर टाकलं तर दंड. अशा शहरात रक्त लागलेल्या सुया, काळा पडलेला गाळ, फुटकी मूस कुठे टाकायची? कचरागाडीवरचा माणूस प्रत्येक घराच्या डब्यात काय असतं हे जाणतो. प्रत्येक घाण्यानंतर खेळाडूला एक वाक्य विचारा : “उरलेलं कुठे गेलं?” उत्तर लिहून ठेवा. मास्करेड म्हणजे आपलं अस्तित्व माणसांपासून लपवणं, आणि ते भांडणात फुटतं त्याहून जास्त वेळा अशा निष्काळजीपणात फुटतं.

सराफ्यात याला आणखी एक पदर आहे. सोनारांच्या दुकानांतली धूळ विकत घेऊन, धुऊन तिच्यातलं सोनं काढणारे लोक असतात. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात, इकडे न्यारिया. त्यांच्यापैकी एकाला तुमच्या कारागिराच्या खोलीतली धूळ मिळाली आणि तिच्यात सोन्याऐवजी भलतंच काही सापडलं, तर तो कोणाकडे जाईल?

अनुभवाचे पॉइंट

नवा फॉर्म्युला विकत घ्यायला पातळीच्या तिप्पट अनुभव लागतो : पहिल्या पातळीचा ३, दुसऱ्याचा ६, तिसऱ्याचा ९. नवे खेळाडू वरच्या डॉटकडे धावतात. मी पहिल्या पातळीचे दोन्ही फॉर्म्युले आधी घ्यायला सांगतो. तीन पॉइंटांत हेझच्या जोडीला फार रीच मिळतं, डिफिकल्टी २च राहते, आणि मुख्य म्हणजे शिकारीची दुसरी दिशा उघडते. आता शांत माणूसही हवा आणि संतापलेलाही.

स्टोरीटेलरनेही नवा फॉर्म्युला नुसता शीटवर लिहू देऊ नये. तो शिकवला कोणी? उज्जैनचा एखादा जुना थिन-ब्लड, एखादी वही, की स्वतःचेच फसलेले घाणे? शिकवणाऱ्याने मोबदला मागितला पाहिजे, आणि तो पैशांत नसावा. दोन बाटल्या हेझ, येत्या अमावास्येच्या आत, आणि कोणासाठी ते विचारायचं नाही. पुढच्या सेशनची सुरुवात तिथून करा.